धरलेली खुर्ची

बिछायतवाल्याचे आभार कोणी मानत नाही. आभारप्रदर्शनाची भाषणं माझ्याइतकी अमरावती-अकोल्यात कोणी ऐकली नसतील, कारण ती संपल्याशिवाय मला खुर्च्या उचलता येत नसत. व्याख्यात्याचे आभार मानतात, स्वयंपाक्याचे मानतात, पाण्याचा टँकर देणाऱ्याचे मानतात, लाइट गेली तरी शांत बसून राहिलेल्या श्रोत्यांचेही मानतात. ते श्रोते ज्यांच्यावर शांत बसले, त्या खुर्च्यांच्या मालकाचे आभार छत्तीस वर्षांत एकदाही माइकवरून ऐकले नाहीत. संपादकांनी अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा हे एकदा खडसावून लिहायचं असं मी ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि लक्षात आलं की ज्यांचे आभार मीच मानायचे राहिले, ती यादी जास्त लांब आहे. तक्रार कायम आहे. पण आधी यादीतलं थोडं सांगतो.

मंडप, कनाती, सतरंज्या, गाद्या, खुर्च्या भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. आमचे अब्बा पिंजारी. लोकांच्या गाद्या-तक्के भरून देता देता चार गाद्या स्वतःच्या करून ते भाड्याने देऊ लागले. खुर्च्या मी आणल्या. अकोल्यातलं एक फिरतं टॉकीज बंद पडलं, त्याच्या चाळीस लोखंडी घडीच्या खुर्च्या मी तीन दिवस हुज्जत घालून घेतल्या. तिसऱ्या दिवशी टॉकीजवाला म्हणाला, "ले जा बाबा, मगर अब बोल मत." हुज्जत घालणं हेच माझं भांडवल होतं. राग त्याच्यासोबत फुकट आला.

लोकांना वाटतं, बल्ल्या म्हणजे लाकडी खांब रोवले, ताडपत्री ताणली, खुर्च्या मांडल्या की बिछायतवाल्याचं काम संपलं. खरं काम माणसं बसायला आली की सुरू होतं. एका माणसाला एक खुर्ची लागते असं ज्याला वाटतं, त्याने कधी मंडप घातलेला नाही. एकाला एक बसायला लागते, एक पिशवी ठेवायला, आणि तीन "येऊन राहिले" त्यांच्यासाठी.

खुर्ची धरायच्या पद्धतीही ठरलेल्या असत. रुमाल सगळ्यात कच्चा. रुमाल टाकून माणूस दुसऱ्या लग्नाला जाऊन येतो. खांद्यावरचा दुपट्टा, म्हणजे बाप्यांचं उपरणं, पक्का, कारण तो सोडून कोणी घरी जात नाही. चष्म्याचं घर त्याहून पक्कं. वर्तमानपत्र धरत नाही, पंख्याने उडतं. चप्पल ठेवलेली दिसली तर मी ती मंडपाबाहेर नेऊन ठेवायचो, मालक आपोआप मागे यायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यावर एक नवी पद्धत निघाली, खुर्ची वाकवून ठेवायची. मागचे पाय उचलून तिची पाठ समोरच्या खुर्चीवर ओणवी टेकवायची. वाकवलेल्या खुर्चीला परका माणूस सहसा हात लावत नाही. तिच्यात मान असतो. आणि वऱ्हाडातल्या लग्नात माणूस उपाशी राहील, पण मानाला उपाशी राहणार नाही.

भांडण लागलं की न्यायाला मलाच बोलवायचे. "खुर्च्यावाल्याले बोलवा!" रोजची कटकट संपवायला मी एक नियम केला. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत माणूस आला नाही तर कापडाचा हक्क संपला, कापड कोणाचंही असो. या नियमाने मी एका तहसीलदारांच्या बाईंची पर्स उचलून त्यांच्याच हातात दिली आहे. पुढची दोन वर्षं त्यांच्या कचेरीचं एकही काम मला मिळालं नाही, पण नियम मोडला नाही याचा मला अभिमान होता.

नियमाला पुरून उरला तो एकच माणूस, अकोल्याचा. तिथे दर थंडीत एक व्याख्यानमाला होत असे. एक निवृत्त मास्तर दुपारी चारला येऊन तिसऱ्या रांगेच्या डाव्या टोकाची खुर्ची सुतळीने खांबाला बांधून जायचे. व्याख्यान साडेसहाला. पहिल्या दिवशी मी सुतळी कापली. संध्याकाळी मास्तर माझ्यासमोर उभे.

"माझी सुतळी कोणी कापली?"

"मी. खुर्ची माझ्या मालकीची आहे."

"खुर्ची तुमची असेल. सुतळी माझी होती."

मी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी सुतळी आणली आणि अशा गाठी मारल्या की सोडवायला मला अर्धा तास लागला. तिसऱ्या दिवशी मी चार वाजता दबा धरून बसलो आणि विचारलं, हीच खुर्ची कावून पायजे? ते म्हणाले, डाव्या कानाने ऐकू येत नाही. या टोकाला बसलं की उजवा कान व्याख्यात्याकडे राहतो आणि कर्णाही जवळ पडतो. मी म्हणालो, मास्तर, कान कबूल, पण नियम सगळ्यांना एकच. धरायची असेल तर बसून धरा.

ते बसले. पुढची बारा वर्षं, व्याख्यानमालेचे सातही दिवस, चार ते साडेसहा ते त्या खुर्चीत बसून असायचे. बसल्याबसल्या करायचं काय, म्हणून त्यांनी मला हाताशी धरलं. मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मराठी बोलायचो, लिहायची वेळ आली की दुसऱ्याला सांगायचो. माझ्या पावतीपुस्तकावरच्या चुका दाखवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. रागवायचे माझ्याहून जास्त. आज हे मी माझ्या हाताने लिहितो आहे ते त्या अडीच-अडीच तासांमुळे. मास्तरांचे आभार मी कधी मानले नाहीत. दरवर्षी फक्त विचारायचो, सुतळी आणली काय?

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

कापसाची वाईट वर्षं आली. त्यांच्याबद्दल शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी खुर्च्यांपुरतं सांगतो. पाचशे खुर्च्यांची लग्नं दीडशेवर आली, दीडशेवाली अंगणातल्या सतरंजीवर आली. मंडप गोदामात पडून उंदरांनी खाल्ले. नंतर गावोगाव सामूहिक विवाह होऊ लागले, वीस-पंचवीस जोडप्यांचं एका मांडवात, एका मुहूर्तावर. त्या लग्नांनी माझं दुकान वाचवलं, हे आधी कबूल करतो.

असंच एक लग्न अमरावती-परतवाडा रस्त्यावरच्या एका गावात, बाजाराच्या मैदानावर होतं. गावाचं नाव लिहीत नाही, समितीची माणसं अजून भेटतात. एकवीस जोडपी. प्रत्येक जोडप्याच्या घरच्यांसाठी बोहल्याला लागून सहा खुर्च्या, पुढे पाहुण्यांची रांग, मागे सगळं गाव. नऊशे खुर्च्या ठरल्या होत्या, नऊशे मी आणल्या. अकराच्या सुमाराला समितीच्या अध्यक्षांनी न सांगता बोलावलेले पाहुणे तीन गाड्या भरून उतरले. त्यांना बसायला जागा नाही. अध्यक्ष माइकवर गेले आणि म्हणाले, "बिछायतवाल्यांनी खुर्च्या कमी आणल्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल समिती दिलगीर आहे."

माइकवरून माझा उल्लेख झाला तो हा एवढाच. 

डोकं फिरलं. मी मांडवात शिरलो आणि जिथे कापड दिसेल तिथली खुर्ची उचलायला लागलो. रुमाल, पिशव्या, टोप्या, काहीही. चौदाव्या जोडप्यापाशी एक खुर्ची वाकवून ठेवलेली होती. तिच्या पाठीला जुना, विरलेला, काठाचा दुपट्टा बांधला होता. शेजारी नवरीची आई बसली होती, चाळिशीची, हातावर ओली हळद.

"भाऊ, थे नोको उचलू. माह्या भावाची हाय. नवरीचा मामा हाय थो."

"कुठी हाय?"

"येऊन राहिला."

"कवापासून?"

"सकाळपासून."

"बाई, सकाळपासून येऊन राहिला म्हणजे येत नाही."

मी दुपट्टा सोडला, तिच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची नेली. ती भांडली नाही. मला भांडणाऱ्यांची सवय होती. न भांडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी मागे वळून पाहिलं नाही.

बाराच्या पुढे तिचे दीर मला शोधत आले. वयस्कर माणूस, आवाज खाली ठेवून बोलणारा.

"शेटजी, तुमी काय केलं माहीत हाय काय तुमाले? वयनी अन् तिचा भाऊ आठ वर्षं बोलले नाहीत. बापाच्या वावराच्या धुऱ्यावरून भांडले. पोरीच्या लग्नाले मामा पायजे म्हून तिनं भावाले निरोप धाडला का, तुही खुर्ची नवरीपाशी वाकवून ठेवते, तुहाच दुपट्टा बांधून. आठ वर्षांमागं आमच्या घरी विसरला होता थो दुपट्टा. अन् म्हनलं, खुर्ची दिसली त ये, नाही दिसली त वापस जाय, मी बोल लावणार नाही."

"मंग?"

"मंग काय! आला होता थो. मागच्या बल्लीपाशी उभा राहिला. खुर्ची पायली नाही, अन् गेला. मी दुरून पायलं त्याले जाताना."

बाहेरच्यांसाठी सांगतो. वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो. मामा नसला तर लग्न अडत नाही, दुसरा कोणी उभा राहतो. पण सगळं गाव पाहतं की कोण उभं राहिलं नाही. आणि ज्याला खुर्ची ठेवली नाही असा मामा त्या घरी पुन्हा पाय ठेवत नाही. मुहूर्त बारा पस्तीसचा होता, आणि एकवीस जोडप्यांचा मुहूर्त एका मामासाठी थांबत नाही.

"दिसते कसा?"

"पांढरा सदरा. काखेत फडक्यात बांधलेली पितळी परात. भाचीसाठी आणली असन."

ती खुर्ची मी ज्यांना दिली होती ते गृहस्थ पाहुण्यांच्या रांगेत बसले होते.

"उठा."

"मी पाहुणा आहे."

"असाल. उठा."

खुर्ची डोक्यावर घेऊन मी रस्त्याकडे पळालो. परतवाड्याच्या काळ्यापिवळ्या जीपा मैदानाच्या तोंडाशीच लागत. एक भरत आली होती. ड्रायव्हर पायरीवर उभा राहून ओरडत होता, "परतवाडा, परतवाडा, एक सीट! एक सीट!" आणि मागच्या बाकावर पांढऱ्या सदऱ्याचा माणूस परात मांडीवर घेऊन बसला होता.

काळीपिवळी भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरल्यावर थांबत नाही. एक माणूस चढला की संपलं. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्या रिकाम्या सीटवर टाकला.

"ही सीट धरली."

ड्रायव्हरने विचारलं, "कोणासाठी?"

"माह्यासाठी."

"मंग बसा ना."

"दहा मिनिटांत येतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरच्या खुर्चीकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं. खांदे उडवून म्हणाला, "दहा त दहा." तेवढ्यात एक जण पळत आला, दांडी धरून चढू लागला. ड्रायव्हरने त्याला खाली उतरवलं. "भरली. कापड दिसत नाही काय?"

 मी त्याच्या जागी असतो तर तो टॉवेल केव्हाच रस्त्यावर असता.

खुर्ची जीपच्या मागे, मातीत ठेवली.

"मामा, उतरा."

"तुमी कोण?"

"खुर्च्यावाला."

"त खुर्च्या सांभाळा."

"ही तुमची खुर्ची. तुमच्या बहिणीनं वाकवून ठेवली होती, दुपट्टा बांधून. मी उचलली. तिनं नाही म्हटलं होतं, तरी उचलली."

"हे सांगाले तिनंच धाडलं असन."

"तिनं धाडलं असतं त हात जोडून आलो असतो. मी त तुमाले हुकूम देऊन राहिलो."

जीपमधली एक म्हातारी हसली. "हे खरं हाय. धाडलेला माणूस असा बोलत नाही."

मामा तिच्यावर डाफरले, मग माझ्यावर. "माईकवरून सांगा मंग. साऱ्या गावासमोर सांगा का खुर्ची तुमी उचलली."

तासाभरापूर्वी त्याच माइकवर माझी अब्रू गेली होती. "माईकवर नाही. तुमच्या बहिणीसमोर सांगतो."

"बहिणीसमोर अन् भाचजावयासमोर."

"नवरदेवाले काहाले मधात घेता?"

"त माईकवर."

"बरं बाप्पा. बहिणीसमोर, जावयासमोर. उतरा आता."

छत्तीस वर्षांत समोरच्याने मागितलं तेवढं पुरतं देऊन केलेला माझा हा एकच सौदा. तरी मामा उतरेनात. परात या मांडीवरून त्या मांडीवर घेत राहिले. मग हळूच, माझ्याशी नाही, ड्रायव्हरशी बोलले.

"मी उतरलो, अन् तठी तिनं तोंड फिरवलं त? तुही गाडी त जाईन. मंग मी काय तठीच उभा राहू, सगळ्याईसमोर?"

अडचण रागाची नव्हतीच. परत यायला जागा नसेल, ही भीती होती. हे मला दिसलं नाही, ड्रायव्हरला दिसलं. त्याने माझा टॉवेल उचलून मामांच्या सीटवर पसरला.

"गाडी जात नाही. टॉवेल ह्यायचा, सीट तुमची. जमलं नाही त वापस या, मी तुमाले घेऊन जातो. जमलं त बुंदी धाडजा."

म्हातारी म्हणाली, "जाय ना बाप्पू. आमी काय पळून राहिलो?"

मामा उतरले.

आम्ही मांडवात शिरलो तेव्हा गुरुजी अक्षता वाटल्या का म्हणून विचारत होते. पुढे परात घेतलेले मामा, मागे डोक्यावर खुर्ची घेतलेला मी. चौदाव्या जोडप्यापाशी येऊन मी खुर्ची ठेवली आणि एका श्वासात म्हणालो, "बाई, खुर्ची मी उचलली, चूक माही."

मामांनी कोपराने ढोसलं. "अन् जावयाले."

मुंडावळ्यांतून डोळे मिचकावणाऱ्या त्या नवरदेवालाही मी तेच सांगितलं. त्याला काहीच कळलं नाही. मीही लग्नातला कोणी मोठा माणूस असेन असं समजून तो माझ्या पाया पडला.

बहिणीने भावाकडे पाहिलं नाही. पदराने खुर्ची पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली, आणि म्हणाली, "बस."

"मामाले उभंच राहा लागते," ते म्हणाले. परात तिच्या हातात दिली आणि नवरीच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. गुरुजींनी सूर लावला.

दुसरं मंगलाष्टक सुरू असताना मी रस्त्यावर गेलो. जीप तिथेच होती. आतले लोक उन्हाने वैतागून ड्रायव्हरला नाही नाही ते बोलत होते, एकटी म्हातारी सोडून. तो बाहेर, चाकाला टेकून उभा.

"काय झालं?"

"उभा राहिला."

त्याने आत वाकून टॉवेल उचलला, धूळ झटकली, घडी करून माझ्या हातात दिला आणि लगेच पायरीवर चढून ओरडला, "परतवाडा, दोन सीट! दोन सीट!" बुंदी आणतो म्हणेपर्यंत दोन माणसं चढली, गाडी सुटली. त्या दिवसांत एक फेरी चुकणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. ज्या गावांत लग्नं सतरंजीवर आली होती तिथे जीपा कुठून भरणार? त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. नंतर परतवाड्याच्या स्टँडवर दोनदा शोधला, सापडला नाही. त्याच्या वाचनात हे येईल असं वाटत नाही. तरी त्याचे आभार इथे छापून ठेवतो, अध्यक्षांच्या माइकपेक्षा हे जास्त टिकेल.

पंधरा मिनिटांचा नियम मी त्या दिवसापासून सोडला. कापड दिसलं की आधी विचारायचो, कोण येऊन राहिलं? विचारलं की माणसं सांगतात. नुसत्या पिशवीवाल्यांना सांगता येत नाही, ते आपणच पिशवी उचलतात.

आमच्या धंद्यात खुर्च्या उचलायची घाई फार. पंगत उठायच्या आत आमची माणसं थप्प्या लावायला घेतात. बसलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या गेल्या की तोही उठतो. त्या दिवशी चारच्या सुमाराला मैदान मोकळं झालं. ट्रक भरला, दोऱ्या आवळल्या. फक्त दोन खुर्च्या राहिल्या होत्या, मैदानाच्या मधोमध, आणि त्यांच्यावर बहीण-भाऊ बसले होते. मामांच्या गळ्यात तो विरलेला दुपट्टा होता. पोरगी सासरी गेली होती.  दोघं काहीतरी बोलत होती. मग आवाज चढले.

"बाभूळ तोडली?" बहीण म्हणाली. "कावून तोडली?"

"माह्या धुऱ्यावर होती."

"तुह्या? बापानं लावली होती थे! तुह्या धुऱ्यावर?"

माझा जुना गडी वसंता घाबरून माझ्याकडे आला. "भाऊ, थे दोघं पुन्हा भांडून राहिले. खुर्च्या उचलून घेऊ काय?"

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

"नोको उचलू," मी वसंताला म्हणालो. "बसून भांडून राहिले ना? भांडू दे."